१९, २४ की २९ : शरीरातील चरबीच्या तीन आकड्यांपैकी खरा कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, उंची १७० सेंटिमीटर. तीन महिन्यांपूर्वी वजन ८२ किलो होते, ते आता ७८ आहे आणि कंबर ९८ सेंटिमीटरवरून ९४ वर आली आहे. असे असूनही घरच्या वजनकाट्यावर चरबीचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. जिममधल्या हातात धरायच्या यंत्राने १९ टक्के सांगितले, तर तपासणी केंद्रात केलेल्या डेक्सा स्कॅनमध्ये २९ टक्के आले. यांतला खरा आकडा कोणता, आणि १८ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठण्यासाठी अजून किती चरबी कमी करावी लागेल, असे तुम्ही विचारले आहे.

खेळाडूंची आणि वजन कमी करू पाहणाऱ्या सामान्य माणसांची शरीररचना मोजण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करतो आहे आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर नेहमी येतो. त्यात प्रत्यक्षात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न ‘माझ्या शरीरात आज नेमकी किती चरबी आहे’ हा, आणि दुसरा ‘ती कमी होते आहे का’ हा. पहिल्याचे अचूक उत्तर मिळणे फार अवघड आहे आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. दुसऱ्याचे उत्तर साध्या साधनांनी मिळू शकते, पण त्यासाठी मोजण्याची पद्धत, वेळ आणि मोजणारा माणूस बदलता कामा नये. तुम्ही तीन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत. ते एकमेकांशी जुळले असते, तरच मला आश्चर्य वाटले असते.

याचे कारण असे की जिवंत माणसाच्या शरीरातली चरबी यांपैकी कोणतेही साधन थेट मोजत नाही. प्रत्येक साधन दुसरेच काहीतरी मोजते आणि काही गृहीतकांच्या आधारे त्यावरून चरबीचा अंदाज काढते. जुन्या काळापासून प्रमाण मानली गेलेली पद्धत पाण्याखाली वजन करण्याची आहे. जमिनीवरचे आणि पाण्याखालचे वजन यांतल्या फरकावरून शरीराची घनता काढतात. अमेरिकी नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या २५ जणांची तपासणी या पद्धतीने प्रसिद्ध केली. उंची-वजनाच्या तक्त्यांनुसार त्यांच्यातले १७ जण लष्करी सेवेसाठी जास्त वजनाचे ठरत होते, परंतु शरीराची घनता पाहिल्यावर ते वजन चरबीचे नसून स्नायूंचे आहे हे दिसून आले. घनतेवरून चरबीची टक्केवारी काढण्याचे सर्वाधिक प्रचलित सूत्र अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम सिरी यांचे आहे. ४९५ ला घनतेने भागायचे आणि आलेल्या उत्तरातून ४५० वजा करायचे. या सूत्रात चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि उरलेल्या शरीराची १.१ ग्रॅम धरलेली आहे. चरबीची घनता माणसागणिक फारशी बदलत नाही. उरलेल्या शरीराची मात्र बदलते, कारण त्यात हाडे, स्नायू आणि पाणी यांचे प्रमाण वय, वंश आणि व्यायाम यांनुसार वेगळे असते. शिवाय घनतेत ०.००५ इतकी सूक्ष्म चूक झाली तरी टक्केवारी दोनपेक्षा जास्त अंकांनी सरकते. पाण्याखाली पूर्ण श्वास सोडून स्थिर राहणे आणि तरीही फुफ्फुसांत उरणारी हवा अचूक मोजणे नवख्या माणसाला कठीण जाते. हवेचे विस्थापन मोजणारी बंद पेटीसारखी यंत्रे आली तेव्हा पाण्यात बुडण्याचा त्रास वाचला, पण गृहीतके तीच राहिली. या दोन्ही सोयी मुख्यतः संशोधन संस्थांत आणि मोठ्या क्रीडा केंद्रांत असतात, त्यामुळे त्यांचा अधिक विस्तार करत नाही.

आता तुमच्या २९ टक्क्यांकडे वळू. डेक्सामध्ये दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून जातात. हाड, चरबी आणि मांसल भाग हे किरण कमी-जास्त प्रमाणात शोषून घेतात आणि त्या फरकावरून तिघांचे वजन काढले जाते. किरणोत्साराची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते. तुमच्यापाशी असलेल्या तीन आकड्यांपैकी मी सर्वाधिक विश्वास यावर ठेवीन, कारण यात हाडांचे वजन गृहीत न धरता मोजले जाते आणि हात, पाय व धड यांची चरबी वेगवेगळी दिसते. तरीही हा अंतिम निवाडा मानू नये. मांसल भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, असे या हिशेबाच्या मुळाशी धरलेले आहे. स्कॅनआधी लिटरभर पाणी प्यायले तर ते पाणी मांसल भागात मोजले जाते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत, आणि कधी कधी एकाच यंत्राचे सॉफ्टवेअर बदलल्यावरही आकडा सरकतो. म्हणून पुढचा स्कॅन त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, सकाळी उपाशीपोटी आणि सारख्याच कपड्यांत करावा. त्या केंद्राला आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा, तो म्हणजे एकाच माणसाला लागोपाठ दोनदा मोजले तर त्यांच्या यंत्रावर किती फरक पडतो. या फरकाला २.७७ ने गुणले की जो आकडा येतो, त्यापेक्षा मोठा बदल दिसला तरच तो खरा बदल मानता येतो. पुनर्मापनातली चूक ०.७ अंकाची असेल, तर २९ वरून २८ वर येणे याचा अर्थ काहीच होत नाही, २७ च्या आसपास आल्यावर त्याला अर्थ येतो. महिन्या-महिन्याला डेक्सा करण्यात पैसे घालवू नका असे मी सांगतो, त्याचे कारण हे आहे.

घरचा वजनकाटा सर्वांत जास्त गोंधळ निर्माण करतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. काट्यावर अनवाणी उभे राहिल्यावर एका पायातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह शिरतो आणि दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. पाणी आणि त्यातले क्षार वीज वाहून नेतात, तर चरबी तिला अडवते. काटा फक्त हा अडथळा मोजतो. त्यात उंची, वजन, वय आणि स्त्री-पुरुष ही तुम्ही भरलेली माहिती मिळवून, कंपनीने आत ठेवलेल्या सूत्राने तो चरबीचा टक्का दाखवतो. ते सूत्र कोणत्या देशातल्या, कोणत्या बांध्याच्या माणसांवर बेतलेले आहे हे सहसा कोठेच लिहिलेले नसते. प्रवाह मुख्यतः दोन पायांतूनच जातो, त्यामुळे पोटावर किती चरबी आहे याची या काट्याला प्रत्यक्ष माहितीच मिळत नाही. काही काटे ‘व्हिसरल फॅट’ म्हणून पोटातल्या अवयवांभोवतालच्या चरबीचाही आकडा दाखवतात. तो मोजलेला नसून इतर माहितीवरून बांधलेला अंदाज आहे, तेव्हा त्या आकड्याकडे पाहून घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका.

तुमच्या काट्यावर टक्का का वाढला याचे उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवले आहे, परंतु त्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिल्या महिन्यात तुम्ही रात्री जेवणानंतर काट्यावर उभे राहत होतात आणि हल्ली सकाळी धावून आल्यावर राहता. दिवसभर उभे राहून आणि बसून काम केल्यावर शरीरातला द्रव पायांत उतरतो, पायांचा विद्युतरोध कमी होतो आणि काटा चरबी कमी दाखवतो. सकाळी याच्या उलट घडते. त्यातच धावल्यावर गरम झालेली त्वचा आणि ओले तळवे रोध कमी करतात, तर घामावाटे गेलेले पाणी तो वाढवते, त्यामुळे त्या वेळचा आकडा कोणत्या दिशेला झुकेल हे सांगता येत नाही. शिवाय आहार कमी केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेले असते आणि तेही त्याबरोबर जाते. काट्याचे म्हणणे खरे मानले तर काय होते, हे एकदा गणित करून पाहा. ८२ किलोच्या २३.५ टक्के म्हणजे १९.३ किलो चरबी, आणि ७८ किलोच्या २४ टक्के म्हणजे १८.७ किलो. याचा अर्थ चार किलोंपैकी जेमतेम अर्धा किलो चरबी गेली आणि साडेतीन किलो स्नायू व पाणी गेले. व्यायाम चालू असताना आणि कंबर चार सेंटिमीटरने कमी झालेली असताना हे मला पटत नाही. कंबर जे सांगते आहे ते बरोबर आहे.

जिममधल्या यंत्राचे तत्त्वही हेच आहे, फक्त तिथे प्रवाह हातांतून जातो. तुमच्या १९ टक्क्यांबाबत मला एक दाट शंका आहे. अशा बऱ्याच यंत्रांत ‘ॲथलीट’ नावाचा पर्याय असतो आणि तो निवडला की त्याच रोधासाठी वेगळे सूत्र वापरले जाऊन आकडा बराच खाली येतो. जिममध्ये आलेल्या प्रत्येकाला त्या पर्यायात घालण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तो पर्याय वर्षानुवर्षे आठवड्याला दहा-बारा तास कसून सराव करणाऱ्यांसाठी असतो. तीन महिन्यांपूर्वी व्यायामाला सुरुवात केलेल्या माणसासाठी तो नाही. तिथे एकदा विचारून घ्या.

पाण्याचा परिणाम किती मोठा असतो, हे मला पुस्तकांपेक्षा कोल्हापूरच्या एका तरुण पैलवानाने जास्त शिकवले. वजनगटात बसण्यासाठी त्याने दोन दिवस पाणी तोडले होते. वजन करण्याच्या दिवशी सकाळी अशाच एका यंत्राने त्याची चरबी आठवडाभरापूर्वीपेक्षा तीन अंकांनी वाढलेली दाखवली आणि तो बिचारा हादरून गेला, कारण त्याने आठवडाभर अर्धपोटी राहून सराव केला होता. मी कॅलिपर, म्हणजे त्वचेच्या चिमटीची जाडी मोजणारे चिमट्यासारखे साधन, लावून पाहिले तेव्हा अंगावरच्या आठही जागांच्या जाडीची बेरीज किंचित घटलेली होती. त्याची चरबी वाढलेली नव्हती. अंगातले पाणी कमी झाले होते आणि यंत्राला त्या दोहोंतला फरक कळत नव्हता. त्या दिवसापासून मी स्पर्धेच्या आठवड्यात हे यंत्र वापरणे बंद केले.

कॅलिपर हे माझे रोजचे साधन असल्यामुळे त्याचे गुण आणि दोष दोन्ही सांगणे मला भाग आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्वचा व तिच्याखालची चरबी चिमटीत धरून उचलायची, कॅलिपरचे जबडे चिमटीपासून एक सेंटिमीटर अंतरावर लावायचे आणि दोन सेकंदांनी जाडी मिलिमीटरमध्ये वाचायची, इतकीच ही क्रिया दिसते. चांगल्या कॅलिपरचा दाब प्रत्येक चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतका ठरलेला असतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या कॅलिपरमध्ये तो हातागणिक बदलतो. खरी कसोटी जागा शोधण्याची असते. दंडाच्या मागची जागा म्हणजे खांद्याचे टोक आणि कोपर यांच्यामधला अचूक मध्य. तो नजरेने ठरवायचा नसतो, टेपने मोजून पेनाने खूण करायची असते. खूण एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झाली तरी आकडा बदलतो. शिकत असताना माझ्या दोन लागोपाठच्या मोजण्या एकमेकींशी जुळू लागायला शेकडो माणसांच्या चिमटी घ्याव्या लागल्या. म्हणूनच दोन मिनिटांत शर्टाच्या वरून मोजून टक्का सांगणाऱ्यांवर विसंबू नका.

मिलिमीटरवरून टक्क्याकडे जाताना पुन्हा सूत्र मध्ये येते आणि तिथेच ही पद्धत घसरते. डर्निन आणि वोमर्स्ली या संशोधकांचे १९७४ चे तक्ते आजही सर्रास वापरले जातात. ग्लासगोमधल्या ४८१ स्त्री-पुरुषांची मापे घेऊन ते तयार झाले आणि त्यांत दंडाच्या पुढची, दंडाच्या मागची, खवाट्याखालची आणि कमरेच्या हाडावरची अशा चार जागांची बेरीज घेतली जाते. ही बेरीज ६० मिलिमीटर असलेल्या पुरुषाचे वय ३९ असेल तर तक्ता २३.५ टक्के चरबी सांगतो, आणि वय ४० असेल तर २७.१ टक्के. म्हणजे शरीरात काहीही न बदलता, केवळ वाढदिवसाच्या रात्रीतून साडेतीन टक्के चरबी चढते. तुम्ही नुकतीच चाळिशी ओलांडली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. या अनुभवांनंतर मी टक्का सांगणेच जवळपास सोडून दिले आहे. खेळाडूच्या वहीत मी आठ जागांची मिलिमीटरमधली बेरीज लिहितो आणि पुढच्या वेळी तिची तुलना फक्त त्याच्याच मागच्या बेरजेशी करतो. बेरीज ११० वरून ९५ झाली, तर त्वचेखालची चरबी कमी झाली हे कोणत्याही सूत्राशिवाय सिद्ध होते. ऑस्ट्रेलियातल्या क्रीडा संस्थांत ही रीत बराच काळ रूढ आहे. मात्र कॅलिपरला त्वचेखालची चरबीच दिसते, पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली दिसत नाही.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत पोटाच्या आतली चरबीच अधिक त्रासदायक ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. डेक्सामध्ये मात्र युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. पुणे परिसरातल्या गावांमध्ये याज्ञिक यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान होते तितकी त्यांच्या खवाट्याखालची चरबी कमी नव्हती. ज्या सूत्राचा पाया युरोपीय शरीरांवर रचलेला आहे आणि जे उंची-वजनावर बरेचसे विसंबून आहे, ते आपली चरबी कमी दाखवण्याची शक्यता मोठी आहे, हे यावरून लक्षात यावे. तुमच्या घरच्या काट्याचे २४ आणि डेक्साचे २९ यांच्यातल्या अंतराचा काही भाग यानेही समजू शकतो.

म्हणून आरोग्याच्या दृष्टीने मी सर्वांत जास्त भर शिवणकामाच्या साध्या टेपवर देतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर, सहज श्वास सोडून झाल्यावर, टेप न आवळता आणि जमिनीला समांतर ठेवून कंबर मोजावी. पँटचा पट्टा जिथे येतो ती ही जागा नव्हे. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा धरली जाते. तुम्ही ९४ वर आहात. मान आणि कंबर यांवरून टक्का काढण्याचे अमेरिकी नौदलाचे सूत्रही इंटरनेटवर सहज सापडते, पण त्याने मिळणारा टक्का हाही अंदाजच असल्यामुळे कंबर जशीच्या तशी लिहून ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आता तुमच्या उद्दिष्टाबद्दल. १८ टक्के म्हणजे कोणत्या साधनाचे १८, हे ठरवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. जिमचे १९ खरे मानून आणि स्नायू तेवढेच राहतील असे धरून हिशेब केला, तर तुम्हाला फक्त एक किलो कमी करायचे आहे. घरच्या काट्याप्रमाणे पावणेसहा किलो, आणि डेक्साप्रमाणे साडेदहा किलो. एकच माणूस, एकच दिवस आणि एकच उद्दिष्ट असताना अंतर एका किलोपासून साडेदहा किलोपर्यंत पसरते. त्यामुळे टक्क्याचे उद्दिष्ट बाजूला ठेवा आणि त्याऐवजी कंबर ९० च्या खाली आणणे हे पहिले उद्दिष्ट घ्या, असे मी सुचवीन. तीन महिन्यांत चार सेंटिमीटर गेले आहेत, त्यामुळे हे आवाक्याबाहेरचे नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पुढचे सहा महिने असे मोजले असते. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्यापूर्वी आणि धावायला जाण्यापूर्वी वजन, आणि त्याची आठवड्याची सरासरी. दर पंधरा दिवसांनी कंबर, तीन वेळा मोजून मधला आकडा. घरच्या काट्यावरचा चरबीचा टक्काही त्याच सकाळच्या वेळी लिहायला हरकत नाही, पण एका दिवसाच्या आकड्याकडे न पाहता महिन्याच्या सरासरीकडे पाहावे. तुमच्या गावात नीट प्रशिक्षण घेतलेला मोजणारा असेल तर दर दोन महिन्यांनी कॅलिपर, दर वेळी त्याच माणसाकडून आणि निकाल मिलिमीटरमध्ये मागून. डेक्सा पुन्हा करायचाच असेल तर आणखी सहा महिन्यांनी, त्याच यंत्रावर. व्यायामशाळेत किती वजन उचलता येते हेही लिहून ठेवा. वजन उतरताना ताकद टिकून राहिली, तर स्नायू फारसे जात नाहीत याची ती चांगली खूण आहे. या नोंदींतून शंका निर्माण झाली, तर ती बहुधा रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) आणि रक्तदाब तपासून लवकर फिटेल, कारण चरबीची काळजी आपण मुळात यांच्यासाठीच करतो.

तुमच्या पत्नीही तोच काटा वापरतात असे तुम्ही लिहिले आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांच्या शरीरात पाणी साठते, त्यामुळे त्यांनी आपल्या आकड्यांची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीच्या त्याच दिवसाशी करावी. गरोदरपणात डेक्सा करू नये आणि विद्युतप्रवाहाच्या काट्याचा चरबीचा टक्काही मनावर घेऊ नये. मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारामुळे अंगावर सूज असेल, तर पाण्यावर आधारलेले सर्वच आकडे चुकतात. आणि घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर त्या व्यक्तीने या काट्यावर चरबी मोजण्यासाठी उभे राहू नये. बऱ्याच काट्यांत फक्त वजन दाखवणारा वेगळा पर्याय असतो, तो वापरावा, आणि तुमच्या काट्यात तो नसेल तर त्यांच्यासाठी साधा वजनकाटा वेगळा ठेवावा.